पुस्तकातल्या दादालाही राग येऊ द्या

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. मोठा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनिअर केजीत जातो. धाकटी सात महिन्यांची आहे. ती झाल्यापासून मोठ्याचं सगळंच बिनसलंय. वर्षभर गादी कोरडी होती, ती पुन्हा ओली व्हायला लागली. बाटलीतून दूध मागतो, मुद्दाम बोबडं बोलतो, सकाळी शाळेच्या व्हॅनपाशी रोज रडारड. मला स्वतःला वाचायची आवड, म्हणून ‘घरात नवं बाळ’ या विषयावरची तीन इंग्रजी चित्रपुस्तकं मागवली. दोन त्याने धड ऐकलीसुद्धा नाहीत. तिसऱ्याचं शेवटचं पान त्याने टरकावलं. त्या पानावर दादा बाळाला मांडीवर घेऊन हसत बसलेला होता. सासूबाई म्हणतात, हे सगळं पुस्तकी कौतुक आहे, दोन धपाटे घाल म्हणजे सरळ होईल. मी त्याला काय वाचून दाखवू? मराठी वाचू, गुजराती की इंग्रजी? शाळेची, अंधाराची भीती वाटते त्यावर पुस्तकं असतात का? की पुस्तकांनी यातलं काही होतच नाही?

कारेलीबागेतील एक आई

उत्तर

नमस्कार.

आधी पुस्तकाबाहेरचं एक काम सांगते. वर्षभर कोरडी राहिलेली गादी पुन्हा ओली व्हायला लागली की सगळा दोष बाळाच्या येण्यावर टाकून मोकळं होऊ नये. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, लघवीची साधी तपासणी करून घ्या आणि पोट रोज साफ होतं का तेही सांगा. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा बद्धकोष्ठ यामागे असू शकतं आणि दोन्हींवर उपाय आहेत. दिवसाही वारंवार जावं लागत असेल, जळजळ होत असेल किंवा नेहमीपेक्षा खूपच पाणी पीत असेल, तर ही भेट एक दिवससुद्धा पुढे ढकलू नका.

तपासणीत काही निघालं नाही, तर गादी, बाटली, बोबडे बोल आणि व्हॅनपाशीचं रडणं ही सगळी एकाच झाडाची फळं समजा. धाकटं भावंड आल्यावर मोठं मूल काही काळ मागे जातं. बाळ रडतं, बाळाला बाटली मिळते, बाळाचे कपडे आई न रागावता बदलते, हे तो दिवसभर बघतोय. मग तोही करून बघतो. बाटली मागितली तर हसून द्या, मांडीवर घेऊन द्या. तुम्ही या वागण्याचा बाऊ केला नाहीत तर हे हळूहळू आपोआप मागे पडतं. धपाट्याने ते लांबतं, आणि बाळ आल्यापासून आई मारायला लागली, असा त्याचा हिशेब पक्का होतो. सासूबाईंना हे सांगायचं कसं, ते पुढे सांगते, कारण या कामात त्यांची मला फार गरज वाटते.

आता त्या पानाविषयी. त्याने नेमकं कोणतं पान फाडलं ते तुम्ही लिहिलंत, हे फार बरं केलंत. पुस्तक फाडलं नाही, शेवटचं पान फाडलं. म्हणजे त्याने ते पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं होतं आणि त्याला ते कळलंही होतं. ‘मला दादा व्हायला खूप आवडतं’ असं म्हणणारा एक हसरा मुलगा त्याच्यासमोर ठेवला गेला, आणि आता तूही हेच म्हण, अशी घरातल्या सगळ्यांची अपेक्षा आहे हे त्याने ओळखलं. त्याला तसं वाटत नाही. साडेचार वर्षांच्या मुलाकडे ते नीट मांडून सांगायला शब्द नसतात, हात असतात.

बाळाच्या आगमनावरची बरीच पुस्तकं खरं तर आईवडिलांसाठी लिहिलेली असतात. मूल ऐकतं, पण धीर आपल्याला मिळतो. त्यातली मोठी भावंडं सुरुवातीला जरा हिरमुसतात, मग आई समजावते, मग ती डायपर आणून देतात आणि शेवटी सगळे फोटोसारखे उभे राहतात. राग असलाच तर तो एका पानापुरता असतो, तोही लाजून. अशी पुस्तकं म्हणजे मधाचं बोट लावून पाजलेला काढा. मुलांना त्याचा वास लांबूनच येतो.

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे की ज्या पुस्तकातल्या मोठ्या भावंडाला खराखुरा राग येतो आणि त्या रागाबद्दल त्याला कुणी शिक्षा करत नाही, लाजवत नाही, असं पुस्तक शोधा. ते जवळ बसून वाचा. आणि वाचून झाल्यावर काही बोलू नका. हे तिसरं सर्वात अवघड आहे.

एक उदाहरण देते. एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकन चित्रकार-लेखकाचं ‘पीटर्स चेअर’ हे १९६७ सालचं पुस्तक. पीटरला बहीण झालीय. तो ठोकळ्यांची उंच इमारत रचतो, ती धाडकन पडते, आणि आई म्हणते, जरा हळू खेळ, घरात बाळ आहे. मग तो बघतो तर त्याचा लहानपणचा पाळणा गुलाबी रंगवून झालाय, आणि त्याच्या जेवायच्या उंच खुर्चीला बाबा गुलाबी रंग देतायत. त्याची एक छोटी खुर्ची तेवढी रंगवायची राहिलीय. पीटर ती उचलतो, कुत्र्याला बरोबर घेतो, पिशवीत खाऊ भरतो आणि घर सोडून निघतो. जातो कुठे, तर घराच्या दारासमोर. बरोबर काय काय घेतलंय बघा. एक खेळण्यातली मगर, आणि स्वतःचा बाळपणीचा फोटो. मग तो त्या खुर्चीत बसायला जातो आणि मावतच नाही. तो मोठा झालाय. हे त्याला कुणी सांगत नाही, खुर्ची सांगते. शेवटी तो मोठ्यांच्या खुर्चीत बसतो आणि बाबांना म्हणतो, चला, ही छोटी खुर्ची बहिणीसाठी रंगवू या.

इथेही शेवट गोडच आहे, पण तो त्याला स्वतःला सापडलेला आहे. आई ‘शहाणा माझा दादा’ म्हणत नाही. आणि बाळ पुस्तकभर जवळजवळ काहीच करत नाही. बाळ चांगलं की वाईट हा प्रश्नच लेखकाने काढलेला नाही. प्रश्न वस्तूंचा आहे, जागेचा आहे. तुमच्या घरातही पाळणा माळ्यावरून खाली आला असेल, त्याची झबली-टोपडी पुन्हा धुऊन वाळत पडली असतील, त्याचा खुळखुळा आता दुसऱ्याच हातात असेल. त्याला कुणी विचारलं होतं का? नसेल विचारलं तर अजून वेळ गेलेली नाही. त्याच्या जुन्या वस्तू एकदा सगळ्या पसरून बसा आणि ‘यातलं काय तुझ्याकडेच ठेवायचं?’ असं विचारा. त्याने जे उचललं ते त्याचं, मग ते बाळाच्या कितीही उपयोगाचं असो.

दुसरं उदाहरण शर्ली ह्यूज यांच्या ‘डॉगर’चं. हे १९७७ सालचं ब्रिटिश पुस्तक, त्याला तिथलं चित्रांसाठीचं केट ग्रीनअवे पदक मिळालं. एका मुलाचा लाडका कापडी कुत्रा हरवतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या जत्रेत एका दुकानावर विकायला ठेवलेला दिसतो. त्याच्याकडे पुरेसे पैसे नसतात. तो मदत शोधायला जातो तोवर एक लहान मुलगी तो विकत घेऊन गेलेली असते. मग त्याची मोठी बहीण, नुकतंच बक्षीस मिळालेलं आपलं मोठं टेडी देऊन तो कुत्रा परत मिळवते. या घरात एक धाकटं बाळही आहे, पण गोष्ट बाळाची नाही. भावंडांवरची सगळ्यात चांगली पुस्तकं बहुधा अशीच असतात. त्यात कुणी जन्माला येत नाही. काहीतरी हरवतं, सांडतं, मोडतं, आणि त्यात भावंडं असतात. तुम्ही ‘नवं बाळ’ हा विषय धरून शोधलंत, म्हणून तुम्हाला एकाच साच्यातली तीन मिळाली. पुढच्या वेळी विषय विसरा.

दुकानात किंवा लायब्ररीत पुस्तक हातात आलं की मी काय बघते ते सांगते. पहिलं पान मी बघतच नाही, ते सगळ्यांचंच छान असतं. मधलं उघडते. तिथे मुलाचा चेहरा कसा काढलाय? चिडलेलं मूल खरंच चिडलेलं दिसतंय की गाल फुगवून गोंडस केलंय? घरात पसारा आहे का? आई दमलेली दिसते का? चित्रात असं काही आहे का जे शब्दांत लिहिलेलं नाही, आणि मूल बोट ठेवून ‘हे बघ’ म्हणेल? मग शेवटचं पान. तिथे ‘म्हणून आपण नेहमी...’ अशी सुरुवात दिसली की पुस्तक परत ठेवते. एवढ्याने नव्वद टक्के काम होतं.

माणसांची गोष्ट घ्यावी की सशा-अस्वलांची, हे पालक नेहमी विचारतात. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू वाटून घेण्यावरची गोष्ट वाचून दाखवली. काहींना माणसांची मुलं असलेली, काहींना तीच गोष्ट प्राण्यांची. नंतर मुलांनी आपल्याजवळचे किती स्टिकर दुसऱ्यांना दिले ते मोजलं, तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं जास्त उदार झालेली आढळली, प्राण्यांची ऐकलेली नाही. म्हणजे वागायला शिकवायचं असेल तर माणसं बरी. पण तुम्हाला आत्ता त्याला काही शिकवायचं नाहीये, त्याचा जीव हलका करायचा आहे. तिथे मला अस्वलं चालतात, बरीही वाटतात. अस्वलाला बाळ आवडत नसेल तर त्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं, आपलं नाव कुठे येत नाही.

प्राण्यांवरून सासूबाईंकडे येते. त्यांना काऊ-चिऊची गोष्ट येत असणारच. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पावसात काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारात उभा राहतो. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ आणि आतून उत्तर येतं, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. थांब, माझ्या बाळाला झोपवते. आपण ही गोष्ट ऐकली, सांगितली, आणि नेहमी आतूनच ऐकली. तुमच्या मुलाच्या जागी बसून बघा. तो दाराबाहेर भिजत उभा असलेला काऊ आहे. दिवसातून किती वेळा त्याच्या कानावर हेच पडतं, आणि अगदी याच कारणासाठी! आपल्या आज्या-पणज्यांकडे हे चित्रपुस्तक चित्रांशिवाय तयार होतं.

सासूबाईंना धपाट्यांबद्दल काही बोलू नका. त्यांना सांगा, ‘आई, तो माझं ऐकत नाही, तुम्ही त्याला काऊ-चिऊची गोष्ट सांगाल का?’ फक्त एक बदल करायला सांगा. काऊ दाराबाहेर उभा असताना थोडं थांबायचं आणि विचारायचं, ‘मग रे, काऊ काय म्हणाला असेल?’ तो जे म्हणेल ते काऊ म्हणाला. ‘बाळाला फेकून दे’ म्हणाला तरी ‘अगं बाई, असं म्हणाला!’ एवढंच म्हणायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. काही घरांत शेवटी चिऊ काऊला तव्यावर बसवून चटका देते. तो शेवट आत्ता नको. दार उघडू द्या, आणि गरम गरम खीर मिळू द्या.

गोष्टीत तात्पर्य घालायचं नाही, हे काही आजचं खूळ नाही, हेही त्यांना जरूर सांगा. तुम्ही राहता त्याच गुजरातेत, भावनगरला, गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. मुलाला नीतीचे पाठ घोकायला लावून मूल चांगलं होत नाही, त्याला गोष्ट गोष्टीसाठीच ऐकू द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. गिजुभाईंच्या गोष्टी गुजराती घरांत आजही सांगतात, तुमच्या शेजारच्या बेन किंवा बा यांना विचारलंत तर चार गोष्टी लगेच मिळतील.

आता वाचायचं कसं. रात्री झोपताना वाचायचं हे ठीक आहे, पण तुमच्या घरी झोपायची वेळ ही बाळाच्या रडण्याची वेळ असेल. मग पुस्तक निम्म्यावर राहतं आणि पुन्हा ‘थांब’. दिवसातली अशी पंधरा मिनिटं शोधा की जेव्हा बाळ दुसऱ्या कुणाकडे असेल. बाबा ऑफिसातून आले की त्यांनी धाकटीला कडेवर घेऊन सोसायटीत एक चक्कर मारावी. बाबांनी मोठ्याला फिरवायचं आणि आईने बाळ घ्यायचं, अशी वाटणी बहुतेक घरांत होते, ती आठवड्यातून काही दिवस उलटी करा. आणि तेही जमत नसेल तेव्हा, बाळाला पाजत असताना पुस्तक त्याच्या मांडीवर द्या. पानं त्याने उलटायची, तुम्ही वाचायचं. तुमचे दोन्ही हात अडकलेत म्हणून त्याचे हात लागतात, ही त्याला फार मोठी गोष्ट वाटते.

भांडण झाल्यावर, त्याने बाळाला ढकलल्यावर, ‘चल, आपण ते पुस्तक वाचू’ असं कधीही करू नका. मग ते पुस्तक शिक्षेचं होतं. वाचताना ‘तूसुद्धा असंच करतोस ना?’ हेही नको. पुस्तक वाचताना मुलांना प्रश्न विचारत जावेत असं शिक्षणतज्ज्ञ सांगतात आणि शब्दसंग्रह वाढायला त्याचा उपयोग होतो, पण रागाच्या, भीतीच्या पुस्तकांना मी ते करत नाही. चित्राकडे बघत थोडं थांबते. मूल काही बोललं तर ऐकते. नाही बोललं तर पान उलटते. तेच पुस्तक त्याने सलग बारा दिवस मागितलं तर कंटाळा न दाखवता वाचा. ते त्याचं काम चाललेलं असतं.

पुस्तक मिटल्यावरचं एक मात्र बोलण्यासारखं आहे, आणि त्याला आधार आहे. जूडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोघींनी केंब्रिजमधल्या चाळीस कुटुंबांत, दुसरं मूल होण्याच्या आधीपासून जाऊन निरीक्षणं केली आणि १९८२ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. ज्या घरांत आई मोठ्या मुलाशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत होती, ‘ती का रडत असेल रे?’, ‘तिला तुझा आवाज आवडतो का, बघ बरं’ असं, तिथली मोठी भावंडं वर्षभरानंतरही बाळाशी जास्त मायेने वागताना दिसली. ‘बाळाला हात लावू नको’ आणि ‘बाळाची पापी घे’ या दोन आज्ञांच्या मध्ये बोलायला बरीच जागा असते. चित्रपुस्तक वाचणाऱ्या घराला ती सवय लवकर लागते, कारण चित्रातला माणूस काय विचार करत असेल हे आपण तिथे रोजच ओळखत असतो.

आता एक पुस्तक तुम्ही स्वतः करा. पीटर आपला बाळपणीचा फोटो घेऊन घर सोडतो, ते विसरू नका. तुमच्या मोबाइलमध्ये तुमच्या लेकाचे सात महिन्यांचे असतानाचे शेकडो फोटो असतील. त्यातले आठ-दहा छापून घ्या, कुठल्याही फोटो स्टुडिओत तासाभरात मिळतात. जाड कागदावर चिकटवा, कडेने सुईदोऱ्याने शिवा. एका पानाला एकच वाक्य, पाठ्यपुस्तकासारखं नाही, तुम्ही बोलता तसं. ‘तू इतका रडायचास की खालच्या मजल्यावरच्या काकी वर यायच्या.’ ‘तुला दात आले तेव्हा तू बाबांचं बोट चावलंस.’ ‘सयाजीबागेत पहिल्यांदा हत्तीचं चित्र बघून तू घाबरलास आणि माझ्या ओढणीत तोंड लपवलंस.’ यातलं तुमच्या घरी जे खरोखर घडलं तेच लिहा. या पुस्तकात धाकटी कुठेही येऊ देऊ नका, शेवटच्या पानावरसुद्धा नाही. हे पुस्तक त्याचं आहे. बाळ असताना त्याचेही असेच लाड झाले, त्याच्यासाठीही आई रात्र-रात्र जागली, हे सांगून पटत नाही, पण फोटोत दिसतं.

आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा. बाळ झाल्यापासून घरात सगळे ‘दादा’ म्हणत असतील, व्हॅनवाले काका आणि शेजारी ‘हवे तो तू मोटोभाई थई गयो’, म्हणजे आता तू मोठा भाऊ झालास, असं म्हणत असतील. शेजाऱ्यांना आवरता येत नाही, पण घरात निदान तुम्ही दोघं त्याचं जुनं लाडाचं नाव सोडू नका.

भाषेचं विचारलंत. माझ्या मते या पुस्तकांपुरती घरातली भाषा, म्हणजे मराठी. मूल रडताना, चिडताना ज्या भाषेत बोलतं त्या भाषेत ते पुस्तक असावं. इंग्रजी पुस्तक आणलंत तर चित्रं त्याची ठेवा आणि गोष्ट मराठीत सांगा, चित्रपुस्तकात मजकूर एवढा थोडा असतो की हे सहज जमतं. मराठीत माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं पहिल्यांदा बघा. मजकूरही त्यांचा आणि चित्रंही त्यांचीच. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांची घरं ही आपली घरं असतात. दोरीवरचे कपडे, आजीचा चष्मा, मुलांचे हट्ट, सगळं ओळखीचं. ‘राधाचं घर’ हा संच पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचा आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

गुजराती त्याच्या शाळेत आणि अंगणात आहे, तर तीही येऊ द्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली बरीच पुस्तकं अनेक भारतीय भाषांत निघतात, एकच पुस्तक मराठीत आणि गुजरातीत मिळालं तर दोन्ही घ्या, किंमत फार नसते. मराठी तुम्ही वाचा, गुजराती शेजारच्या बेननी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी, गुजरातीसह कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. तिथे निवड तुम्ही करा, त्याला मोबाइल देऊ नका. आवडलेलं छापून, शिवून हातात द्या.

आणि तुम्ही बडोद्यात राहता! सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, आणि त्या काळात मुलांसाठी वेगळी व्यवस्था ठेवली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्याच कामातून उभी राहिली. वेळ विचारून घ्या आणि एका रविवारी लेकाला एकट्याला घेऊन जा, बाळाला घरी ठेवून. तिथे हवं ते चित्रपुस्तक मिळालं नाही तरी चालेल. काचेच्या लाद्यांची जमीन आणि लोखंडी कपाटं बघून तो आठवडाभर बोलत राहील. येताना सेव-उसळ त्याला तिखट लागेल, काहीतरी गार द्या.

शाळा आणि अंधाराबद्दल थोडक्यातच सांगते. व्हॅनपाशीचं रडणं शाळेचं नसावं असा माझा अंदाज आहे. तो गेल्यावर घरी आई आणि बाळ दोघीच राहणार, हे त्याला सलतं. शाळेवरचं पुस्तक आणण्यापेक्षा त्याला सांगून ठेवा की तू परत आल्यावर आपण दोघं अमुक पुस्तकाचं तिसरं पान वाचू, आणि ते खरोखर वाचा. तो जाताना बाळाला कुशीत घेऊन दारात उभ्या राहू नका, बाळ आत ठेवून मोकळ्या हातांनी निरोप द्या. शाळेत बाईंना घरची परिस्थिती एकदा सांगा. अंधाराच्या भीतीवर चांगली पुस्तकं आहेत, पण ती दिवसा, उजेडात वाचायची. रात्री वाचलं की विसरलेली भीती जागी होते. दाढ दुखणं, केस कापणं, इंजेक्शन, यांचंही तसंच. आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी किंवा सगळं उरकल्यावर.

शेवटचं, कारण त्याची वेळ जवळ आलीय. धाकटी लवकरच रांगायला लागेल, आणि ती रांगत रांगत पहिल्यांदा कुठे जाईल तर त्याच्या वस्तूंकडे. पुष्कळ घरांत खरं भांडण तेव्हा सुरू होतं. आतापर्यंत ती फक्त आई घेत होती, आता खेळणी आणि पुस्तकंही घेणार. ती रांगायच्या आधीच भिंतीवर, त्याचा हात पोचेल आणि तिचा पोचणार नाही अशा उंचीवर एक फळी ठोकून घ्या. त्याची पुस्तकं तिथे. तुम्ही केलेलं फोटोंचं पुस्तकही तिथेच. तिच्यासाठी जाड पुठ्ठ्याची दोन-तीन पुस्तकं खाली टोपलीत ठेवा, ती चावायला, ओढायला. वरचं पुस्तक तिने मागितलं, रडली, तर ‘दे रे, लहान आहे ती’ म्हणायचं नाही. ‘ते त्याचं आहे, हे घे तुझं’ असं तिला सांगा, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आजीलाही हा नियम आधीच सांगून ठेवा. ती फळी कधी आणि कितीशी खाली आणायची, ते तो ठरवेल.